सहादेवरावांचा निळा ठिपका

सहादेव मोहिते छत्तीस वर्षं एका इंजिनिअरिंग कंपनीत ट्रेसर होते. म्हणजे साहेबाने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तोच नकाशा पुन्हा काढायचा. कोपऱ्यात सही साहेबाची. सहादेवरावांच्या हातचे पंप गावोगाव पाणी उपसतायत, पण त्यांच्या नावावर एक रेघ नाही. बेव्हर्ली पार्कला आमच्या सोसायटीत आल्यावर ही हकीकत त्यांनी प्रत्येकाला एकदा सांगितली. बी विंगमधल्या म्हाताऱ्या बाबाजींना दोनदा, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

मग त्यांच्या मुलीने, संघप्रियाने, घरच्या कॉम्प्युटरवर फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं.

"पप्पा, लेयर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. एकावर एक..."

"ट्रेसिंग पेपर," सहादेवराव म्हणाले. "पुढचं सांग."

आमचा सेक्रेटरी उदय सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना टाकतो त्या लांबलचक आणि इंग्रजीत. अर्धे लोक त्या वाचत नाहीत, उरलेले त्यावर गुड मॉर्निंग पाठवतात. सहादेवरावांनी सुचवलं, प्रत्येक सूचनेला एक छोटं चित्र करू. आयकॉन.

"काका, नेटवर हजार आयकॉन फुकट मिळतायत," उदय म्हणाला.

"त्यात आपली लिफ्ट आहे का?"

नव्हती. आमच्या लिफ्टच्या जाळीला वाकलेली एक पट्टी आहे, ती जगात दुसरीकडे नाही. शेवटी ठरलं की आठवडाभर काकांचे आयकॉन वापरून बघू. रविवारच्या मीटिंगपर्यंत तक्रार आली नाही तर कायम, आली तर नेटवरचे.

सहादेवराव कामाला लागले. वस्तूचा फोटो काढायचा, मागची भिंत खोडायची, चित्र लहान करून चौसष्ट बाय चौसष्ट घरांत बसवायचं, आणि मग भिंग लावल्यासारखं मोठं करून एकेक घर हाताने रंगवायचं. लिफ्टची वाकडी पट्टीसुद्धा त्यांनी चार घरांत आणली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक घर निळं. ही त्यांची सही.

उदयने ते पाहून विचारलं, "काका, स्क्रीनवर हा डाग कसला?"

तेव्हा सहादेवरावांनी सही चित्राच्या आत घेतली. लिफ्टमध्ये ती बटणाशी बसली, कचऱ्याच्या बादलीत झाकणावर. पाण्यासाठी त्यांनी घरच्या माठाचा फोटो घेतला होता. लहान केल्यावर माठाची तोटी नाकासारखी दिसायला लागली.

"पप्पा, माठ रागावलाय," संघप्रिया म्हणाली.

त्यांनी तोटी खोडली आणि सही माठाच्या पोटावर, जरा खाली केली.

पाच दिवस तक्रार नाही. शुक्रवारी टँकर आला. अशा वेळी एकेका विंगचा व्हॉल्व्ह अर्धा तास उघडतात. उदयने माठाचं चित्र टाकलं आणि पुढे लिहिलं: "बी विंग, सकाळी अकरा." आयकॉन असताना शब्द कशाला वाया घालवा, असं त्याचं म्हणणं.

पावणेअकराला बी विंगखाली तीस-एक माणसं जमली. पांढरे कपडे, खाली माना. सी विंगच्या चंपाबेन हार घेऊन आल्या. बाबाजी गेल्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून घरी आले होते, त्यामुळे कोण हे कोणी विचारलं नाही.

अकराला लिफ्ट उघडली. आतून बाबाजी आले. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा.

"कोण गेलं?" त्यांनी चंपाबेनना हळू आवाजात विचारलं.

"आप," चंपाबेन म्हणाल्या.

बाबाजींना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा सगळ्यांनी मिळून सांगितलं. या गडबडीत पाणी येऊन गेलं आणि बी विंगची एक बादली भरली नाही.

सहादेवराव खाली आले. "मडक्याचा मयताशी काय संबंध?"

"मडक्याला भोक पाडतात, त्यातून पाणी गळतं, ते खांद्यावर घेऊन सरणाभोवती फिरतात," बाबाजी म्हणाले. "तुम्ही भोक काढलंय की. निळं पाणी पण काढलंय."

"आमच्यात मडकं नसतं. आम्ही वंदना घेतो."

"मग माणूस गेला हे तुमच्यात कळतं कसं?"

"हलत नाही त्यावरून."

रविवारी मीटिंगला तेवीस तक्रारी आल्या. उदयने मान हलवून नेटवरचे आयकॉन मंजुरीला ठेवले. सहादेवराव मागच्या खुर्चीत चष्मा पुसत बसले होते. आणखी एक साहेब, आणखी एक नकाशा.

तेवढ्यात बाबाजी उठले. "बाकीचं काय ते करा. पण मडकं ठेवा. आजवर एका सूचनेला तीस माणसं आली का? ती पण वेळेआधी?"

ठराव झाला: पाण्याला नेटवरचा थेंब, आणि मयताच्या सूचनेला मोहिते यांचं मडकं, कायमस्वरूपी.

"ठीक आहे," सहादेवराव म्हणाले. "तो ठिपका काढून देतो."

"ठिपका नका काढू," अख्खी बी विंग म्हणाली. "ठिपक्यानेच तर कळलं."

उदयने मिनिट्समध्ये लिहून घेतलं, ठिपका ठेवावा, आणि मान वर करून विचारलं, "काका, जरा मोठा होईल का?"

घरी येऊन सहादेवराव कॉम्प्युटरसमोर बसले.

"वाईट वाटलं ना, पप्पा?" संघप्रियाने विचारलं.

"पाण्याचं वाटलं," ते म्हणाले आणि त्यांनी मडकं सोळापट मोठं केलं. "इकडे ये. केवढी करू सही?"