न दुखणारी जखम

मित्रांनो, माझ्या मागचा मुलामा दोन ठिकाणी उडाला आहे आणि लाकडी मूठ एका बाजूने झिजली आहे. मी जुना आहे, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. मी मुठीचा आरसा आहे. भिंतीवरचा नव्हे. केस कापून झाले की सलूनमधला कारागीर तुमच्या मानेमागे धरतो, तो. समोरच्या मोठ्या आरशात तुम्हाला तुमचा चेहरा दिसतो. मागचं बघायचं तर माझ्यासारखा कुणीतरी लागतो.

घाटकोपरच्या एका काचवाल्याच्या गाळ्यात मला कापलं, माझ्या कडा घासल्या आणि सागाच्या चौकटीत बसवलं. सहदेव नावाच्या तरुण कारागिराने मला निवडलं. गाळ्यातल्या मोठ्या आरशाकडे पाठ करून त्याने मला समोर धरलं आणि स्वतःची मान कितीतरी वेळ न्याहाळली. मग म्हणाला, "ह्यो खोटा सांगूचो नाय." तो सिंधुदुर्गातून आलेला होता. मालवणी त्याच्या तोंडून शेवटपर्यंत गेली नाही.

विक्रोळीला एका कंपनीच्या फाटकासमोर त्याचं सलून होतं. पाळी सुटली की बाकडं भरून जायचं. कात्री थांबली की सहदेव मला उचलायचा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. गिऱ्हाईक मान हलवायचं. तेवढंच माझं काम आणि तेवढंच माझं कौतुक. लग्नाच्या आदल्या दिवशी आलेला एक मुलगा माझ्यात बघून म्हणाला होता, "काका, झकास!" ते मी पुष्कळ वर्षं जपून ठेवलं.

पुढे सहदेवचा हात थरथरू लागला. वस्तरा धरणाऱ्याचा हात थरथरला की दुकान आपोआप बंद होतं. कात्र्या शेजारच्या मुलाला दिल्या. मला टॉवेलात गुंडाळून मुलुंडच्या घरी, माळ्यावर ठेवलं. तिथे मी अंधारात होतो, पण बहिरा नव्हतो. पुढचं बरंचसं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. जे ऐकलं ते ऐकलं म्हणूनच सांगेन.

घरात चार माणसं. सहदेव, त्याचा मुलगा सुयोग, सून दर्शना आणि नातू केयूर. सुयोग लग्नाआधीपासून गोविंदा पथकात होता, सगळ्यात खालच्या थराला खांदा देणारा. गुरुपौर्णिमा झाली की संध्याकाळी मैदानात सराव सुरू व्हायचा. केयूर अंगाने हलका आणि न घाबरणारा. दहा वर्षांचा असताना त्याला सगळ्यात वर चढवू लागले. इतक्या लहान मुलाला चढवायला बंदी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरावाला कोण बघतंय, असंही सगळेच म्हणत. वरच्या मुलाच्या कमरेला बांधायचा दोर सणाच्या दिवशी असायचा. सरावाला कधी असायचा, कधी नसायचा.

वर चढणाऱ्या मुलाला पथकात एक नियम शिकवतात. सुयोग घरी तो केयूरकडून घोकून घ्यायचा.

"वर गेल्यावर काय करायचं नाही?"

"बोलायचं नाही."

"का?"

"मी बोललो की खालचे माना वर करतात. माना हलल्या की थर हलतो."

"शाब्बास!"

हे मी माळ्यावरून कितीदा तरी ऐकलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

एका संध्याकाळी घरात कुणी आलंच नाही. फोन वाजत राहिला. मग सहदेव एकटाच आला, भिंतीला धरून खाली बसला आणि शेजारणीला सांगू लागला. केयूर सरावात सगळ्यात वरून पाठीवर पडला होता. पडलेल्या गोविंदाला पथकात जे करतात तेच पोरांनी केलं. दोघांनी काखेत हात घातले, तोंडावर पाणी मारलं आणि उभं केलं. "उठ रे, काही नाही झालं!" मग रिक्षात बसवून नेलं. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला हलवायचं नसतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मज्जारज्जू पडण्याने दुखावला की उभं करण्याने, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. बेंबीच्या खाली केयूरला काही हलवता येईना आणि काही कळेना.

रुग्णालयातून घरी सोडताना तिथल्या सिस्टरने दर्शनाला बजावलं होतं: "रोज सकाळ-संध्याकाळ त्याची त्वचा बघायची. टाचा, घोटे, माकडहाड, बसायची हाडं. जिथे कळत नाही तिथे जखम आधी होते आणि समजते शेवटी. आणि हे त्याला स्वतःला शिकवा. जन्मभर आई कुठे असणार?"

दर्शनाने मोबाईलवर फोटो काढून बघितले. केयूर तोंड फिरवायचा. म्हणायचा, "फोटो नको ना, आई. कुणाला दिसले तर वाट लागेल माझी." तेव्हा सहदेवला माझी आठवण झाली. त्याने मला माळ्यावरून उतरवलं, पुसलं आणि नातवाच्या हातात दिलं.

"हे काय?" केयूरने विचारलं.

"फोटू काढणा नाय, कोणाक सांगणा नाय. तुका दाखवता फक्त. बघ, झिला."

असा मी पुन्हा कामाला लागलो. खरं सांगतो, पहिले कितीतरी दिवस मी घाबरलेलो होतो. सलूनमध्ये माझ्याकडून फार तर मागची रेघ वाकडी असल्याचं कळायचं. इथे माझ्यात काय दिसेल याची चौघांनाही धास्ती होती. दर्शना श्वास रोखून बघायची. लालसर काही दिसलं की बोटाने दाबायची. दाबल्यावर जागा पांढरी झाली आणि पुन्हा लाल झाली, तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिली, तर आतून बिघडायला लागलंय. सिस्टरने तिला तशी एका दुसऱ्या मुलाची जखम दाखवली होती. आत हाड दिसत होतं. त्या मुलाचं पुढे काय झालं, हे दर्शनाने घरात कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

केयूर हळूहळू शिकला. कुशीवर वळून मला पाठीमागे धरायचा आणि टीव्हीवरच्या निवेदकासारखा बोलायचा, "डावी टाच, ओके. उजवी टाच, ओके. बूड, एकदम हिरो." दर्शना हसायची. व्हीलचेअरवर खास मऊ गादी घालून बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, म्हणजे हाडांवरचा भार सुटतो, तेही त्याला जमू लागलं. वर्षभराने शाळेनेही त्याला परत घ्यायचं ठरवलं. तळमजल्यावरच्या वर्गात, दहीकाल्यानंतरच्या सोमवारपासून. तो दिवस घरात सगळे तोंडातल्या तोंडात मोजत होते. दिवसभर बसायचं तर त्वचा शाबूत हवी, ही डॉक्टरांची एकच अट होती.

दहीकाल्याआधी पथकाचा प्रमुख प्रीतम घरी आला. टीशर्ट घेऊन आला होता. त्यावर मागे केयूरचं नाव छापलेलं होतं.

"वहिनी, पोरं बोलली, केयूर नसेल तर थर लावायचा नाही. नुसता बसेल आमच्यात. तुमची शपथ."

"माझी शपथ कशाला? तुमच्या शपथा बघितल्या मी," दर्शना म्हणाली.

केयूर टीशर्ट मांडीवर घेऊन बसला. शेवटी दर्शनाच सुयोगला म्हणाली, "अहो, तुम्ही त्याच्यापासून हलायचं नाही. खुर्ची सोडायची नाही, गादी सोडायची नाही. ओला झाला की कपडे बदलायचे. काही झालं ना, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. ह्या वेळी खरंच नाही."

"नाही हलणार," सुयोग म्हणाला.

हे केयूरने ऐकलं. खोलीत मीही होतो.

त्या दिवशी काय झालं ते मी नंतर बोलण्यांतून जोडलं. व्हीलचेअर टेम्पोत चढेना. पोरांनी केयूरला उचलून टेम्पोच्या फळीवर बसवलं. खुर्ची आणि तिच्यावरची गादी नाक्यावर राहिली. इमारतींच्या गच्च्यांवरून पाणी ओतलं जात होतं, सगळेच भिजले. एका ठिकाणी खालच्या थराला एक माणूस कमी पडला आणि हाक आली, "सुयोगदादा, एकदाच!" सुयोग गेला. एकदाचं दोनदा झालं, मग दुपार झाली. केयूर ओल्या चड्डीत, फळीच्या कडेवर, लोकांना हात हलवत बसून राहिला. त्याला काहीच दुखत नव्हतं. बाबा बऱ्याच दिवसांनी हसताना दिसत होता, म्हणून त्याने हाकही मारली नाही.

संध्याकाळी तो आला तेव्हा घसा बसलेला होता, डोळे चमकत होते. दर्शनाने त्याचे अंगावरच वाळलेले कपडे बदलले आणि मला उचललं. "आज मी एकटा बघतो ना," तो म्हणाला. "मोठा झालो आता. शाळेत पण एकट्यालाच बघायचंय." ती खूश झाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्याने मला मागे धरलं.

डाव्या बाजूला, बसण्याच्या हाडावर, लाल डाग होता. केयूरने बोटाने दाबलं. डाग लालच राहिला. त्याने पुन्हा दाबलं. मग माझी मूठ त्याच्या हातात ओली झाली.

"काय रे, कसं आहे?" आतून हाक आली.

"ओके! बूड, एकदम हिरो."

मित्रांनो, आरशाला वाचा नसते. समोर येईल ते दाखवायचं, एवढंच त्याला येतं. दुसऱ्या दिवशी डागाच्या मधोमध जांभळट रंग आला. केयूर मला आता भरभर फिरवत होता, टाचांवर जास्त वेळ आणि त्या जागेवर कमी. आईने धरायला मागितलं की म्हणायचा, "अगं आई, जमतं मला!" मग दप्तर भरायला लागायचा. पुन्हा रिकामं करायचा, पुन्हा भरायचा. घरात सगळे आनंदात होते. एकट्याला सगळं ठाऊक असलेला तो मुलगा आणि त्याच्या हातातला मी, आम्ही दोघंच घाबरलेलो होतो. त्या दुसऱ्या मुलाच्या जखमेची गोष्ट त्याने दाराआडून ऐकली होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं; कारण डाग बघून झाला की तो मला पुढे आणून स्वतःचा चेहरा बघत बसायचा.

रविवारी सकाळी तिथे फोड आला होता आणि तो फुटलेला होता. चादरीवर गुलाबी ठिपका होता. केयूरने त्यावर उशी ओढली.

सुयोग त्याला आंघोळीला न्यायला आला. "चल, उद्या शाळा! आज एकदम चकाचक करतो तुला." त्याने उचलायला हात घातले. केयूर ताठ झाला.

"बाबा, थांब."

"काय झालं?"

"आधी हा धर. मला नीट दिसत नाहीये."

खरं तर त्याला नीट दिसत होतं. सुयोगने मला धरलं. त्याचा चेहरा आधी माझ्यात आला, मग तो खाली वाकला. 

"हे कधीपासून?"

"टेम्पोपासून."

"आणि तू बोलला नाहीस? केयूर, तू बोलला का नाहीस?"

"आई तुला माफ करणार नव्हती."

सुयोग खाली बसला. मी अजून त्याच्या हातात होतो. केयूर भिंतीकडे बघत म्हणाला, "वर गेल्यावर बोलायचं नसतं ना? तेव्हा पण माझा पाय सटकत होता, बाबा. पडायच्या आधी. मला कळलं होतं. तू खाली होतास. मी बोललो असतो तर तू मान वर केली असतीस."

दर्शना दारात उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही. ती आत आली, तिने उशी बाजूला केली, ठिपका बघितला. मला वाटलं, आता ती नवऱ्यावर ओरडेल. तिने फक्त त्याला हलवलं. "उठा. पालथा झोपवायला मदत करा. मी डॉक्टरांना फोन करते. रागवायला पुष्कळ दिवस आहेत."

सहदेव लटपटत आला आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मेल्या, बोंबलूचा होता. थर पडान गेलो तरी चलात."

डॉक्टरांनी सांगितलं की जखम अजून वरची आहे. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं. आता बसणं बंद. पालथं किंवा कुशीवर, भरेपर्यंत. शाळा लांबली. किती लांबली, ते त्यांनी सांगितलं नाही. जखम भरेल का, या प्रश्नावर ते म्हणाले, "बहुतेक." त्या एका शब्दावर हे घर सध्या जगतं आहे.

मित्रांनो, माझं काही मागणं असेल तर इतकंच. तुमच्या ओळखीत असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना खांद्यावर घेऊन मिरवण्याआधी त्यांची गादी कुठे आहे ते बघा. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका. आणि घरातल्या कुणावरही गप्प राहण्याची पाळी आणू नका, मग ते रागाच्या धाकाने असो की लाडाने. जखमेला औषध मिळतं. पण ती आधी कुणालातरी कळावी लागते.

रोज सकाळी मला पुसतात. मूठ केयूरच्या हातात असते. दर्शना दिवा धरते, सुयोग वाकून बघतो, सहदेव पलंगाच्या कठड्याला धरून उभा असतो. कोण आधी बोलणार, याची सगळे वाट बघतात. आज केयूरने मला बराच वेळ स्थिर धरलं.

"कालच्याएवढीच आहे," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "कडेला थोडं पिवळं दिसतंय. मला भीती वाटतेय."

"मलापण," सुयोग म्हणाला, आणि दर्शनाने दिवा आणखी जवळ आणला.