खुर्च्या स्टेजकडून मोजायच्या

माझी धाकटी बहीण आज पहिल्यांदाच आमच्या हॉटेलात गाणार होती. दुपारच्या जेवणाचा कार्यक्रम. मालकांना पसंत पडली तर दर रविवार तिचा, नाहीतर पुन्हा घरोघरी शिकवण्या. "ताई, समोर येऊ नकोस हं, मला हसू येतं," असं तिने मला सकाळीच बजावलं. म्हणे हसू येतं! वाढायचं काम माझं, मी काय अदृश्य होऊ?

आमच्याकडे हळू गाणं लागलं की वाढप बंद. जो जिथे असेल तो तिथेच उभा, चमचासुद्धा वाजवायचा नाही. धाकटीने डोळे मिटून गाणं सुरू केलं, तशी मी खांबापाशी थांबले. सहज पाच नंबरच्या टेबलाकडे बघितलं आणि माझा घोळ लक्षात आला.

कुठली ताटली कुणाची हे कळावं म्हणून एरवी आम्ही खुर्च्या दरवाजाकडून मोजतो. गाण्याच्या दिवशी टेबलं फिरवतो, म्हणून स्टेजकडून मोजायच्या. हे सगळ्यांना शिकवलं मीच! आणि धाकटीच्या काळजीत सवयीने दरवाजाकडून मोजलं तेही मीच. शेंगदाण्याच्या सॉसची ताटली नेमकी तिथल्या एका बाईंपुढे गेली होती. "शेंगदाणा चुकून पोटात गेला तरी माझा श्वास अडकतो," असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

त्यांनी घास काट्याला लावला होता आणि गाणं ऐकत तो तसाच धरला होता. मी हात हलवले. त्यांचं लक्ष स्टेजकडे. मध्ये सहा टेबलं, खुर्च्यांची ही दाटी. ओरडले तर धाकटीचं सगळं मुसळ केरात.

काटा ओठांपाशी गेला.

"मॅडम, खाऊ नका! शेंगदाणे आहेत त्यात!"

काटा खणकन पडला. गाणं थांबलं. मी धावत जाऊन ताटली उचलली. "तोंडात नाही ना गेलं?" बाईंनी मानेनेच 'नाही' म्हटलं. मालक मला खाऊ की गिळू असे बघत होते. धाकटीकडे बघायची मला हिंमत होईना.

"माफ करा," ती माइकवर म्हणाली, "माझी थोरली बहीण आहे. ती ओरडली की घरात आम्ही सगळेच थांबतो." दोघंतिघं हसले. मग ती पियानोवाल्याकडे वळली. "पहिल्यापासून घेऊ."

या खेपेला ती माझ्याकडे बघतच गायली. सॉस मनगटावर ओघळत होता, पण मी जागची हलले नाही.

टाळ्या थांबल्यावर मालक आले. "पुढच्या रविवारी तिला बोलाव. आणि त्या दिवशी तू सुट्टी घे."

घेते की. अगदी समोरच्या खुर्चीत बसते, मग तिला हसू येवो नाहीतर रडू.