शहाण्णवावा बार

आमच्या स्टुडिओत जो वाजवत नाही, त्याची खुर्ची दर बारला, म्हणजे तालाच्या दर आवर्तनाला, हातभर मागे सरकते आणि मागचा हॉल तेवढाच लांबतो. पुन्हा वाजवलं की माणूस जागेवर. यावर कुणी बोलत नाही. लांब वायरचा, माइकवाला हेडफोन देतात, बस्स.

त्या दिवशी राजपुत्र आणि ड्रॅगनच्या पिक्चरचं म्युझिक रेकॉर्ड होत होतं. साठ वादक. इनासकडे मोठी झांज. पंच्याण्णव बार गप्प बसायचं, शहाण्णवाव्याला ड्रॅगन कोसळतो, तेव्हा एकच दणका. मी त्याच्या पुढ्यात, स्टँडला टांगलेली ट्रँगल किणकिणवत. बत्तीस वर्षं असेच पुढेमागे बसतोय. त्याच्या झांजेला मी खोबरेल तेल फासलंय, डब्यात रबराची पाल सोडलीय. तो आईवरून शिव्या घालतो आणि मग अर्धी मासळी मला देतो.

सत्तराव्या बारला तो सत्तर हात मागे होता. बार मोजताना ओठ हलत होते. मला काही राहवलं नाही. मोकळा हात पाठीमागे नेऊन मी बोटांनी त्याला आधी चार, मग एक, असे एक्केचाळीस दाखवले.

ओठ थांबले.

शहाण्णवाव्याला पडद्यावर ड्रॅगन आवाज न करता पडायला लागला. झांजेशिवाय सीन संपत नाही, म्हणून समोर ताल देणाऱ्या मास्टरांचा हात फिरत राहिला, सगळे वाजवत राहिले.

हेडफोनमधून इनास म्हणाला, "गज्या, कितवा रे?"

"एकशे बारा. वाजव!"

"खरं सांग."

"आईशप्पथ. मघाशी मस्करी केली मी."

"आत्ता करतोयस ती कुठली?"

"इनास, मेल्या, कुठंपण वाजव!"

"तेलाच्या वेळीपण आईचीच शप्पथ घेतलेलीस." तो हसला. खूप लांबून. "चुकीच्या जागी नाय वाजवणार मी. मोजतो परत."

दोनशेला तो टाचणीएवढा दिसत होता. तीनशेला दिसेना. ड्रॅगन अजून पडतच होता. इनासचा डबा माझ्या खुर्चीखाली होता, बंद.

मग त्याच्या हेडफोनची वायर ताणली. पुढच्या भिंतीतला प्लग निसटला आणि फरशीवरून खडखडत मागे निघाला. व्हायोलिनवाल्यांनी पाय उचलून त्याला वाट दिली.

प्लग माझ्याजवळून जाताना मी ट्रँगलची काडी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याला धरलं.

माझी खुर्ची हातभर मागे सरकली.

मी मोजलं, एक.