हाजराकाकींचे वीस सेकंद

"काकी, अहो, खालची पण काही करत नाहीये!" सनी मॅटच्या कडेवरून ओरडला.

हाजराकाकींनी मान वळवली नाही. त्या पंच म्हणून मॅटवर एक गुडघा टेकून दोन मुलींकडे बघत होत्या. हरसूलची सृष्टी वर होती. देवळ्याची मोक्षदा पाठीवर पडून तिच्या कमरेला पायांचा घट्ट विळखा घालून होती. सुरुवातीलाच मोक्षदाला खाली पाडून सृष्टीनं दोन गुण घेतले होते. तेव्हापासून ती मोक्षदाच्या छातीवर डोकं दाबून नुसती बसली होती. नाशिक जिल्ह्याच्या जिउ-जित्सू स्पर्धेतली मुलींची ही शेवटची लढत. जिंकणारी राज्य स्पर्धेला जाणार होती.

मोक्षदा कंबर हलवत होती, बाही ओढत होती. सृष्टी तो विळखा सोडवायचा प्रयत्नही करत नव्हती. वीस सेकंद पुढं काहीच केलं नाही, की वेळकाढूपणाचा इशारा मिळतो. काकींनी मनात वीस मोजले होते आणि सृष्टीला पहिला इशारा दिला होता. पुन्हा वीस मोजून दुसरा. दुसऱ्या इशाऱ्याची बढत मोक्षदाला मिळाली होती. गुण सारखे झाले तर ती बढत निकाल ठरवणार होती.

अडचण अशी की सृष्टी सनीची विद्यार्थिनी होती, आणि काकींना पंच केलं होतं तेही सनीनंच.

काकी एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक. आयुष्यात कधी कुस्ती केली नाही. इंदिरानगरला गॅरेजच्या वरच्या मजल्यावर सनीचा जिउ-जित्सूचा क्लास होता. लेक आफिया तिथं शिकायची, तेव्हा काकी बाकावर बसून राहायच्या. एकदा आफिया जिंकत आलेली लढत तिसऱ्या इशाऱ्यावर हरली. "अम्मी, मैं लड़ तो रही थी," म्हणून रिक्षात रडली. असं का झालं, ते कुणालाच तिला नीट समजावून सांगता येईना. मग काकींनी नियमांचं पुस्तक छापून आणलं आणि कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांकडे बसून पानापानावर मराठीत अर्थ लिहून काढला.

त्यातला एक नियम त्यांनी तीनदा वाचला. समोरच्यानं अंगावर बसून पुरतं दाबून टाकलंय आणि खालचा फक्त स्वतःला वाचवतोय, तर त्याला वेळकाढू म्हणायचं नाही. काकींचा नवरा निसार वारला, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लॅब, घर, लॅब. नातेवाईक म्हणायचे, हाजरा, पुढचं काही बघ. त्या रात्री काकी खूप दिवसांनी शांत झोपल्या.

पुढं आफियाचा गुडघा गेला. खेळ सुटला, पुण्याला औषधाच्या कंपनीत नोकरी लागली. काकी मात्र रविवारी क्लासवर येतच राहिल्या. सनी एकदा म्हणाला, "काकी, आमच्यापेक्षा नियम तुम्हालाच पाठ. तुम्हीच पंच व्हा ना."

आता घड्याळात पाच सेकंद उरले होते. काकींची मोजणी पुन्हा वीसवर आली. सृष्टीचे डोळे मिटलेले होते. काकींनी हात वर केला. तिसरा इशारा, मोक्षदाला दोन गुण. गुण दोन-दोन झाले, बढत मोक्षदाची. सृष्टीनं दचकून धडपड केली, पण तेवढ्यात घंटा वाजली.

"काय यार काकी!" सनीनं हातातली बाटली आपटली. "घरच्या माणसानंच असं करायचं?"

"घरच्यांसाठी वेगळं पुस्तक असतं का, सनी?" काकींनी हळूच विचारलं आणि मोक्षदाचा हात उंचावला.

मुख्य पंचांनी रेकॉर्डिंग पाहून निकाल कायम केला. सनी तासभर बाहेर जाऊन बसला. मग दोन चहा घेऊन आला, एक काकींच्या हातात दिला आणि शेजारी बसला.

"तिला मीच सांगितलं होतं, धरून ठेव म्हणून," तो म्हणाला.

"माहितीये. ऐकू येत होतं."

सनी कसंनुसं हसला. काकीही हसल्या.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. मॅटचे तुकडे उचलायचे बाकी होते. सृष्टी पाठीवर बॅग घेऊन काकींसमोर उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"काकी, मी तिला सोडलं नाय ना. मग माझी काय चूक हाय?"

काकींनी समजावायला तोंड उघडलं. पण बोलून हे कळणार नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, मॅटवर पाठ टेकली.

"ये. मघाशी धरलं होतंस तसं धर."

सृष्टी गोंधळली. मग वाकली. अंगाखाली मॅट थंडगार होती आणि पोरीचं सगळं वजन छातीवर आलं.

"काकी, जड व्हतंय का?"

"होतंय," हाजराकाकी धापा टाकत म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "होऊ दे. आता इथून पुढं कसं जायचं, ते मला करून दाखव."