गोठ्यावरची बाज

बिबट्याने वस्तीवरची पहिली शेळी मारली आणि कुलपांचा खप वाढला. दुसरी मारली तेव्हा दुकानदाराने शहरातून मोठी कुलपं मागवली. तिसरीनंतर तर अशी कुलपं आली, की त्यांच्या किल्ल्या कमरेला लावणारा माणूस चालताना एका अंगाला कलायचा. गोठ्यांच्या दगडी भिंती पुरुषभर उंच, दारं जाड फळ्यांची, दाराला कडी, कडीला साखळी, साखळीला कुलूप. आणि वर? वर आभाळ. कोपऱ्यात पावसापुरता पत्र्याचा आडोसा असायचा, पण बाकी गोठा उघडा. शेळ्यांना हवा लागते, असं सगळ्यांचं मत होतं. बिबट्या दारातूनच येतो याबद्दलही कुणाच्या मनात शंका नव्हती. आपण दारातून ये-जा करतो, मग त्याला काय वेगळी रीत पडलीय?

आत्यानेही कुलूप घेतलं होतं. ती बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, विणायची. बापाचा धंदा तिने चालवला, कारण थोरल्या भावाला, दादाला, बसून करायचं काम मानवत नव्हतं. त्याला उभं राहून सांगायचं काम आवडायचं, आणि पुढे वस्तीने त्याला तेच दिलं. दादाची पोरं तिला आत्या म्हणायची, मग त्यांचे मित्र म्हणायला लागले, मग त्या मित्रांचे आजोबाही. स्वतःपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या म्हाताऱ्याने ‘आत्या’ अशी हाक मारली तरी ती ‘काय रे’ म्हणून ओ द्यायची.

शेळ्या मरायला लागल्यावर वनखात्याची बाई मोटारसायकलवर आली. तरणी, सडपातळ, बुटांना चिखल. तिने आत्याच्या गोठ्याला एक फेरी मारली आणि मागच्या भिंतीपाशी थांबली. तिथे चुलीची लाकडं रचलेली होती. सगळ्याच गोठ्यांना मागून अशी रास असायची. भिंतीच्या आडोशाने लाकूड कोरडं राहतं.

“आत्या, हा जिना कुणी बांधला?”

“कुठला जिना?”

“हा काय. पायऱ्या पायऱ्यांनी वर गेलाय.”

“ती लाकडं आहेत बाई. तुमच्याकडे गॅस असेल.”

“तो यावरून भिंतीवर जातो आणि आत उडी मारतो. रास तेवढी लांब हलवा. आणि वरून काहीतरी घाला. जाळी घाला, काट्या घाला, काहीही.”

“माझ्या बापाने लाकडं इथेच रचली. त्याच्या बापानेही इथेच.”

“त्यांच्या शेळ्या कधी गेल्या नाहीत?”

“गेल्या की!” आत्या अभिमानाने म्हणाली. “चांगल्या चांगल्या गेल्या.”

बाई हसली नाही. आत्याला ते आवडलं, पण रास हलवण्याइतकं नाही. तिने बाईला चहा पाजला, तिच्या मोटारसायकलची फाटकी गादी सुतळीने शिवून दिली आणि वाटेला लावलं.

त्यानंतर आत्याची फौजदारीण गेली.

फौजदारीण म्हणजे तिची सगळ्यात थोराड शेळी. दाढीवाली, आवाजाने जाड. बाकीच्यांनी कधी चरायचं आणि कधी बसायचं हे तीच ठरवायची. आत्याने कुठे बसायचं हेही. सकाळी आत्याने कुलूप काढलं. ते मात्र अगदी शाबूत होतं, ओरखडासुद्धा नव्हता. आत फौजदारीण मरून पडली होती, थोडी खाल्लेली. तिला तोंडात धरून आतून भिंत चढणं त्याला जमलं नसावं. आडोशाच्या पत्र्यावरून तो एकटाच निघून गेला होता. उरलेल्या शेळ्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून उभ्या होत्या, आणि कुणी काही सांगेल म्हणून वाट बघत होत्या.

आत्या मागे गेली. राशीच्या सगळ्यात वरच्या ओंडक्याची साल नखांनी निघाली होती. खालच्याची थोडी. त्याखालच्याची आणखी थोडी. मग तिने एकेक लाकूड उचलून परसाच्या टोकाला टाकायला सुरुवात केली. कुणाला काही बोलली नाही. स्वतःला काय बोलली ते छापण्यासारखं नव्हतं.

तोवर वस्ती जमली. सगळ्यांनी आधी कुलूप बघितलं. दुकानदाराने ते हातात घेऊन समाधानाने मान हलवली.

“कुलपाचा दोष नाही,” तो म्हणाला.

दादा पुढे आला. दादा वस्तीतला सगळ्यात वजनदार माणूस, दोन्ही अर्थांनी म्हणा किंवा एकाच, आणि त्याच्या खिशातून फवारणीच्या औषधाची बाटली डोकावत होती.

“बरं झालं,” तो म्हणाला, आणि बहिणीचा चेहरा बघून घाईने पुढे म्हणाला, “म्हणजे वाईटच झालं. पण मढं इथे राहिलं हे बरं झालं. तो आज परत येणार, उरलेलं खायला. आपण त्यावर हे ओतू. खाईल आणि संपेल. विषय मिटला.”

“शेळी कुणाची?” आत्याने विचारलं.

“तुझीच.”

“मग ओतणारा तू कोण?”

“अगं, मी वस्तीचा—”

“वस्तीची शेळी मेली की ओत. ही माझी आहे. जिवंत होती तेव्हा तिच्या पाल्याला तू कधी हात लावला नाहीस, आता मेल्यावर प्रेम उतू चाललंय?”

दोघंतिघं हसले आणि दादाने मागे बघितल्यावर खोकायला लागले.

“आत्या, तुमचंच नुकसान झालंय,” दुकानदार समजुतीने म्हणाला, “आणि तुम्हीच त्याची बाजू घेताय?”

“त्याची बाजू मी कशाला घेऊ? माझी कोण लागतो तो? पण तुझा कुत्रा रोज माझ्या अंगणात तोंड घालून जातो. तो हे मढं हुंगायला येणार नाही? घारी येतात, कावळे येतात. आणि हा बिबट्या मेला तर दुसरा येईल. तुमचे जिने बांधलेलेच आहेत.”

“कसले जिने?”

“जाऊन बघा घरामागे. मी माझा पाडलाय.”

कुणी बघायला गेलं नाही. माणसाला स्वतःच्या घरामागे काय आहे ते दुसऱ्याने सांगितलेलं आवडत नाही. लोक पांगले, पण दादा जाताना खिशावर थाप मारून म्हणाला, “अंधार पडू दे. मग बघू.”

आत्याने वनखात्याच्या बाईला फोन लावला. बाई दुसऱ्या टोकाच्या गावात अडकली होती, दुसऱ्या दिवशीच येऊ शकणार होती. ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं ती म्हणाली नाही. आत्याने त्याची तयारी ठेवली होती, उत्तरही ठेवलं होतं, ते वाया गेलं. बाईने एवढंच सांगितलं: मढं पुरू नका, पुरलं तर तो दुसरी शोधेल. ओढ्यापलीकडे झुडपात नेऊन टाका, तो तिथेच खाईल आणि जाईल. आणि आजच्या आज गोठ्यावर काहीतरी घाला.

फौजदारणीला गोणपाटावर घालून आत्याने एकटीने ओढत ओढ्यापलीकडे नेलं. लोक आपापल्या दारात उभे राहून बघत होते. “वाघाला ताट वाढायला चाललीय,” कुणीतरी म्हणालं. “हो,” ती न थांबता म्हणाली, “तुला बोलावणं आलं तर कळवते.”

परत आली तेव्हा पेच तिच्या ध्यानात आला. मढ्यापाशी राखण करत बसावं तर बिबट्या फिरकणार नाही, उपाशीपोटी वस्तीकडेच वळेल. घरी यावं तर दादा बाटली घेऊन ओढा ओलांडेल. गोठा उघडा ठेवावा तर उरलेल्या शेळ्याही जातील. तिला एकाच वेळी दोन ठिकाणी असायला हवं होतं, आणि दादा एकाही ठिकाणी नको होता.

तिने घरातला होता नव्हता तेवढा दोर बाहेर काढला. बाजांसाठी वळून ठेवलेली वेटोळी, जुन्या बाजांचा उसवलेला काथ्या, सगळं. भिंतीवर आडव्या लाकडी बल्ल्या टाकून बांधल्या. मग दादाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

“दादा, दोर धरायला ये.”

दादा खाटेवर बसून संध्याकाळची वाट बघत होता. “कशाला?”

“गोठ्यावर बाज विणतेय.”

“गोठ्यावर बाज? वर कोण झोपणार?”

“येशील तर कळेल. एकटीने ताण बसत नाही, माहीत आहे तुला.”

दादाला ते माहीत होतं. बाजेची वीण एकाने घालायची आणि दुसऱ्याने दोर खेचून धरायचा, हे त्या घरात बोलायला यायच्या आधी शिकवलं जाई. आणि एकदा धरलेला दोर शेवटची गाठ बसेपर्यंत सोडायचा नाही. मधेच सोडला तर सगळी वीण ढिली पडते. दादाने लहानपणी एकदा शिंक आली म्हणून सोडला होता. बापाच्या हातचा मार त्याला अजून आठवत होता, आणि ती शिंकही.

“छपराला माझी ना नाही,” तो उठत म्हणाला. “पण दिवस मावळायच्या आत मला मोकळं कर. मला काम आहे.”

“मला ठाऊक आहे तुझं काम,” आत्या म्हणाली.

ती बल्ल्यांवर चढून बसली, दादा खाली भिंतीशी पाय रोवून उभा राहिला. दोर मनगटाला गुंडाळून त्याने मागे रेटा दिला आणि त्याचं वजन आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं. आत्या आडवे दोर घालत गेली, मग उभे, एक वरून एक खालून. विणीची घरं इतकी बारीक, की मांजराचं पिल्लू अडकावं. शेळ्या वर बघत होत्या.

“सैल येतोय,” ती म्हणायची.

“नाही येत.”

“दादा, सैल येतोय. जेवला नाहीस का?”

तो आणखी रेटायचा. ऊन पिवळं झालं, मग भिंतीवरून उतरलं. त्याने दोनदा विचारलं, “झालं का?” ती दोनदा म्हणाली, “चांगलं विणायचं की नुसतं विणायचं?” त्यावर बापाच्या मुलाने पाय आणखी घट्ट रोवले.

तेवढ्यात दुकानदार आला. मागे आणखी दोघं.

“दादा, वेळ होत आलीय. तुम्ही अडकलेले दिसताय. बाटली द्या, आम्ही जातो.”

दादाच्या दोन्ही हातांना दोर होता. “खिशात आहे,” तो म्हणाला.

दुकानदार पुढे आला, पण आत्या वरून उतरायला वयाच्या मानाने फारच चपळ होती. तिने भावाच्या खिशातून बाटली काढली आणि छातीशी धरून उभी राहिली.

“घे,” ती दुकानदाराला म्हणाली. “ये घ्यायला.”

दुकानदार थांबला. आत्याच्या दुसऱ्या हातात काथ्या कापायचा विळा होता. तो तिने उगारला नव्हता, पण खालीही ठेवला नव्हता.

“आत्या, हे बरं नाही. सगळ्या वस्तीने ठरवलंय.”

“सगळ्या वस्तीने कुलपंही घेतली होती.”

“दादा!” दुकानदार ओरडला. “बघताय काय? सोडा ना तो दोर, आणि घ्या तिच्याकडून!”

आत्याने भावाकडे बघितलं. तिला थांबवायचंच असतं तर त्याला एक पाऊल पुरेसं होतं. तो तिच्या दुप्पट होता. दादाने तिच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, मग डोक्यावरच्या विणीकडे. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात नव्हता.

“शेवटची गाठ राहिलीय,” तो म्हणाला.

“अहो, पण—”

“एकदा सांगितलं ना? गाठ राहिलीय.”

दुकानदार दोन पावलं मागे सरला. “उद्यापासून वस्ती तुमच्याशी बोलणार नाही, आत्या.”

“बरं होईल. हिशोब चुकत नाही मग विणताना.”

ते तिघं गेले. जाताना एकजण मात्र आपल्या घराच्या पुढच्या दाराने न जाता मागून गेला, हे आत्याने पाहिलं. बाटली तिने आतल्या लोखंडी पेटीत टाकली. उद्या बाई आली की तिच्या हवाली करायची. पेटीला तेच कुलूप लावलं. ते खरंच चांगलं होतं.

उजेड गेला होता. ओढ्याकडून करवतीने लाकूड कापावं तसा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. शेळ्यांचे कान एकदम उभे राहिले.

“आला,” दादा कुजबुजला.

“येऊ दे. मारलंय त्याने, खाऊ दे त्यालाच. इथलं आता त्याला काही मिळायचं नाही.” ती मोठ्याने म्हणाली, ओढ्याकडे तोंड करून, जणू त्याला ऐकू जायला हवं होतं. मग वर चढली, दोराचं टोक घेतलं, दोन वेढे दिले, दातांनी ओढलं आणि मुठीने गाठ ठोकली. “सोड.”

दादाने दोर सोडला. वीण जागची हलली नाही. त्याने मनगटं चोळली. त्यांवर लाल वळ उठले होते.

“उद्या सगळे मला विचारतील,” तो म्हणाला.

“सांग, बहिणीने हात बांधून ठेवले होते.”

“बांधले नव्हतेस.”

“मग तसं सांग,” आत्या म्हणाली.