बायजाबाईच्या हातावरच्या गाठी

धानाच्या पेंढ्या रचताना बायजाबाईच्या बोटात काडी घुसली. जखम भरेना, उलट मनगटापासून कोपरापर्यंत एकामागे एक गाठी उठल्या. शेजारणी महारोग म्हणू लागल्या, तशी ती नवऱ्यापासूनही दूर बसून जेवू लागली.

नवरा यादोराव तिला बैलगाडीतून तिरोड्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी गाठींवर टाचणी टोचली. तिला ती कळत होती.

"हा महारोग नव्हे, त्यात टोचलेलं कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "काडीबरोबर बुरशी आत गेली असावी."

परतताना यादोरावाने शिदोरी सोडली आणि तिला जवळ बसवून जेवला.

गाठीतला पू नागपूरला तपासला, तेव्हा बुरशीच निघाली. मग आयोडाइडचे थेंब दुधातून रोज घ्यायचे ठरले. त्या थेंबांनी तोंड कडू होई, नाक गळे.

"मी नाही पेत आता," एके दिवशी ती म्हणाली.

"तुह्या वाटचं मले पेता आलं असतं, तं पेलो असतो," यादोराव म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पेला रिकामा केला.

होळीपर्यंत गाठी बसल्या, तरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषध आणखी महिनाभर चाललं. पावसाळ्यात धानाच्या रोवणीला ती बांधीतल्या चिखलात उतरू लागली, तेव्हा यादोरावाने जुन्या धोतराची पट्टी फाडून तिच्या हाताला गुंडाळली. बायका हसल्या. बायजाबाई मात्र हात पुढे करून उभी राहिली.