हिरव्या रेघा

“हे काय आणलंस गं?” प्रसूतिगृहाच्या सिस्टरनं दुपटं खिडकीशी धरलं. पांढऱ्या कापडावर हिरव्या रेघाच रेघा.

धुणेवालीनं काखेतलं तान्हं सावरलं. “गवतावरच वाळवली, सिस्टर. नेहमीसारखी.”

“काल जन्मलेल्या पोरांच्या अंगाला हा रंग लावू? लाँड्रीचा मशीनवाला धुणं मिळवायला रोज खेटे घालतोय इथं. किती दिवस तुझी बाजू घेऊ मी? उद्या पांढरी आण, नाहीतर त्याला सांगते.”

तळ्याकाठच्या उतारावर तिच्या सासूनं आणि सासूच्या सासूनं धुणी वाळवली. दोरीवर कापड कडक होतं. गवतावर मऊ राहतं, डागही ऊन आणि दव मिळून खातात. मग तळं बुजलं, अर्धा उतार सपाट झाला, भोवती बांधकामाचे पत्रे ठोकले गेले. ती गल्लीबोळांत दोऱ्या बांधत फिरली, लोकांची बोलणी खाल्ली. परवा पत्रे निघाले आणि आत हिरवंगार गवत! एवढं तरी ठेवलं मेल्यांनी, म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. पसरताना हाताला टोचलं. नवं आहे, मऊ पडेल, असं वाटलं तिला.

नळावर तिनं दुपटी पुन्हा घासली. बोटं सोलली. रेघा फिकट झाल्या, गेल्या नाहीत. ओलं बोचकं घेऊन ती थेट बांधकामावर गेली.

फ्लॅट विकणारा एक टायवाला जोडप्याला बाग दाखवत होता. “ताई, इथं कपडे नाही हं वाळत घालायचे.”

“हे गवत कुठलं?”

“प्लास्टिकचं आहे, रोल येतो. पाणी नको, कापणी नको.”

“आणि आमचं कुठाय?”

“तुमचं?” तो जोडप्याकडे बघून हसला. “खाली असेल.”

तिनं तान्ह्याला पाठीशी बांधलं, कडेला बसली आणि सोललेली बोटं खाली घालून ते हिरवं उचकटलं. ओली चादर गुंडाळावी तसं ती ते गुंडाळत निघाली.

“ओ ताई! वॉचमन!”

“पाय उचला,” ती जोडप्यातल्या पुरुषाला म्हणाली. त्यानं निमूट उचलला.

खाली मातीला चिकटलेलं, पिवळं पडलेलं गवत निघालं. उन्हात त्याला कुबट वास सुटला. वॉचमन आला आणि काठी टेकून नुसताच उभा राहिला.

तिनं बोचक्यातलं एक दुपटं त्या गवतावर पसरलं, चारी कोपरे ओढून सरळ केले. मग तान्ह्याला मांडीवर घेऊन, त्याच्यावर पदराची सावली धरून, वाळेपर्यंत ती तिथंच बसली.